उत्तर बरोबर, रीत चूक

माझ्या आत्याचे हात मला अजून आठवतात. आमच्या वाड्याच्या मागल्या अंगणात दगडी डोण होती. तिच्याशी आत्या पहाटेपासून उभी असे. हात धुवावेत, पदराला पुसावेत, स्वयंपाकघराकडे चार पावले टाकावीत, आणि काहीतरी राहिले अशा चेहऱ्याने पुन्हा डोणीकडे वळावे, असे तिचे चाले. थंडीच्या दिवसांत तिच्या बोटांची कातडी उलून रक्त येई. आजी आल्यागेल्याला सांगे, "सोवळे कडक आहे हो तिचे." आजी आत गेली की शेजारणी एकमेकींकडे पाहून हळूच म्हणत, "मंत्रचळली आहे." एकीने तिच्या दुःखाला पुण्य ठरविले, दुसरीने वेड. पण "अगं, तुला होते तरी काय?" असे तिला कोणी विचारलेले मला आठवत नाही. मीही विचारले नाही.

पुढे मी मास्तर झालो. औपचारिक शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले. परंतु मुलांत आयुष्य गेले, आणि रात्री कादंबऱ्या लिहिण्याची खोड लागली, म्हणून माणसांकडे जरा निरखून पाहतो, असा माझा समज होता. तो समज गेल्या वर्षी सहावीच्या एका मुलाने उतरवला. हा मुलगा शुद्धलेखनाच्या वहीत एक अक्षर लिही, खोडी, पुन्हा लिही, पुन्हा खोडी, ते थेट कागदाला भोक पडेपर्यंत. मी त्या भोकाशेजारी तांबड्या शाईने लिहिले, "गबाळे काम." असे शेरे त्याच्या वहीत मी किती दिले, ते आता मोजवत नाही.

दिवाळीच्या सुटीनंतर त्याचे वडील शाळेत आले. तालुक्याच्या मानसोपचारतज्ज्ञाने रोगाचे नाव सांगितले होते आणि औषध सुरू केले होते. ते बाकाच्या कडेवर टेकले आणि म्हणाले, "गुरुजी, औषध सिरोटोनिनवर चालतं म्हणे. म्हणजे हे आमच्या रक्तातच आलं ना? माझी चुलतीही अशीच होती. थोरलीचं लग्न करायचं आहे. रक्त तपासून जनुक कळतो म्हणतात. तिचं तपासून घेऊ का?"

मला उत्तर येत नव्हते. "वाचून सांगतो," म्हणालो. माझा एक जुना विद्यार्थी आज डॉक्टर आहे. त्याने कागदपत्रे पुरविली, अडलेल्या ठिकाणी समजावून दिले, आणि इंग्रजी कोश उशाशी घेऊन मी ती महिनाभर वाचली. त्या वाचनातून जो इतिहास हाती लागला, तो वाचकांपुढे ठेवतो.

*

आरंभ आपल्याच शब्दापासून करू. मंत्राच्या अनुष्ठानात कोठे चूक झाली आणि त्यापायी माणसाला चळ लागला, तो मंत्रचळ. म्हणजे रोगाच्या नावातच रोग्यावर आरोप आहे. चूक त्याची, म्हणून भोगतोही तोच. आज मराठीतले मनोविकारतज्ज्ञ हाच शब्द या रोगासाठी वापरतात, आणि बोलताना तो सोयीचा आहे. पण त्यातली ही गाठ कोणी सोडवून पाहत नाही.

युरोपातही निराळे नव्हते. तेथे धर्मगुरू या पीडेला ज्या शब्दाने ओळखत, त्याचा लॅटिनमधला मूळ अर्थ 'बारीक टोकदार खडा' असा आहे. वहाणेत शिरलेला खडा दिसत नाही, पण पाऊल टेकू देत नाही. जॉन बन्यन या इंग्रज धर्मोपदेशकाने १६६६ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मकथनात आपल्या मनात नको असलेला एकच पापी विचार कसा दिवसचे दिवस घुमत राही, त्याचे वर्णन केले आहे. त्याला तो सैतानाचा मोह वाटला. त्या काळात दुसरे काय वाटणार?

हा विषय धर्मपीठावरून वैद्याच्या खोलीत आला तो एकोणिसाव्या शतकात. पॅरिसचा वैद्य एस्किरोल याने १८३८ च्या आपल्या ग्रंथात एका व्यापारी घरातल्या तरुणीची हकीकत दिली आहे. आत्याकडे गेल्यावर तिथली एखादी वस्तू नकळत आपल्या खिशातून येईल, या धास्तीने ती एप्रन घालीनाशी झाली. मग हिशेब लिहिताना आकडा चुकून गिऱ्हाइकाचे नुकसान होईल ही धास्ती. मग नाण्याला हात लावला तर मोलाचे काही बोटांना चिकटेल ही धास्ती. आणि विशेष हे की, आपली भीती खुळी आहे हे तिला पक्के ठाऊक होते! वेड्याला आपले वेड कळत नाही. हिला कळत होते, आणि तरी हात थांबत नव्हते. ते वाचताना मला डोणीपाशी परत फिरणारी आत्या दिसली. तिच्या चेहऱ्यावर ती जी लाज असे, ती कशाची होती, हे मला त्या फ्रेंच मुलीने सांगितले.

१८७७ साली बर्लिनच्या वेस्टफालने या लक्षणाची नेमकी व्याख्या केली: बुद्धी शाबूत असताना, माणसाच्या इच्छेविरुद्ध मनात घुसणारी आणि हाकलता न येणारी कल्पना. १९०३ मध्ये फ्रान्सच्या पिएर जानेने त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. १९०९ मध्ये व्हिएन्नाच्या फ्रॉइडने एका रुग्णाची गाजलेली हकीकत प्रसिद्ध करून रोगाचे मूळ बालपणीच्या दडपलेल्या इच्छांत आणि बापलेकाच्या संबंधांत शोधले. पुढची कैक वर्षे हाच विचार गादीवर होता. आधी पापी ठरला रोगी. आता आरोपी झाले आईबाप. आरोपी बदलला, खटला तोच राहिला.

*

यानंतर कथेत जे पात्र येते ते मनाच्या नव्हे, पोटाच्या वाटेने. इटलीतील व्हित्तोरिओ एर्स्पामेर याला १९३० च्या दशकात आतड्याच्या अस्तरातील पेशींत स्नायूंना आकुंचित करणारे एक द्रव्य सापडले. पुढे १९४८ साली अमेरिकेत क्लीव्हलंड येथे रॅपोर्ट, ग्रीन आणि पेज या तिघांनी रक्तद्रवातून रक्तवाहिन्या आवळणारे एक द्रव्य वेगळे काढले आणि त्याला सिरोटोनिन असे नाव दिले. दोन्ही द्रव्ये एकच निघाली. अंगातले बहुतांश सिरोटोनिन आतड्यातच असते. ते मेंदूतही आहे, हे बेटी ट्वारॉग या तरुण संशोधिकेने दाखवून दिले. तिचा आणि पेजचा निबंध १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला.

मेंदूत त्याचे काम निरोप्याचे. दोन मज्जापेशींच्या मध्ये अतिसूक्ष्म फट असते. एका काठावरून सिरोटोनिन सुटते, पलीकडच्या काठाला निरोप देते, आणि मग अलीकडच्या काठावरचे एक वाहक प्रथिन त्याला ओढून परत आत घेते. नदीवरच्या तरीसारखेच हे. पलीकडे निरोप पोचला की नावाडी माघारी. नावाड्याला परत येऊ दिले नाही तर तो पलीकडच्या काठाशी अधिक वेळ रेंगाळेल, आणि निरोपाचा जोर वाढेल.

स्वित्झर्लंडमधील बाझल शहरच्या गायगी कंपनीने खिन्नतेवरील आपल्या एका औषधाच्या रेणूत क्लोरीनचा एक अणू घालून क्लोमिप्रामिन तयार केले. ते औषध हेच करते: वाहकाला अडवून धरते. १९६७ साली स्पेनमधील फर्नांदेझ-कोर्दोबा आणि लोपेझ-इबोर यांनी कळविले की, हे औषध मंत्रचळाच्या रोग्यांनाही उतार देते. ज्या रोगापुढे वैद्यांनी हात टेकले होते, त्यावर गोळी! अनेकांचा विश्वास बसेना. पण १९८० मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी काही रोग्यांना क्लोमिप्रामिन, काहींना त्याच जातीचे पण सिरोटोनिनवर फारसे न चालणारे दुसरे औषध आणि काहींना नुसतीच निर्गुण गोळी देऊन पाहिले. निर्गुण गोळीहून स्पष्टपणे सरस ठरले ते क्लोमिप्रामिनच. १९८९ अखेर अमेरिकेच्या सरकारने या रोगासाठी त्याला मान्यता दिली, आणि पाठोपाठ केवळ सिरोटोनिनच्याच वाहकाला अडविणारी नवी औषधे आली. सर्वांना नाही, पण निम्म्याच्या आसपास रोग्यांना त्यांनी खरोखर आराम पडतो.

येथपर्यंत सारे ठीक. गणिताच्या मास्तराला मात्र येथून पुढची पायरी ओळखीची वाटते. मुलाने उत्तर बरोबर आणलेले असते, आणि रीत पाहू जाता ती चुकलेली असते. सिरोटोनिनवर चालणारे औषध लागू पडते; सबब रोग सिरोटोनिनच्या कमतरतेचा आहे; सबब दोष सिरोटोनिनच्या जनुकात असला पाहिजे! डोके दुखताना अॅस्पिरिनने थांबले, म्हणून अंगात अॅस्पिरिन कमी पडले होते, असे कोणी म्हणत नाही. येथे मात्र भल्याभल्यांनी हीच रीत मांडली.

वस्तुतः दोन गोष्टी समोर होत्या. एक, गोळी वाहकाला काही तासांतच अडवते, पण रोग्याला उतार पडायला कित्येक आठवडे, कधी दोन-तीन महिने लागतात. दुसरी, गोळीवाचूनही रोगी बरे होतात. १९६६ साली लंडनमध्ये व्हिक्टर मेयर याने दोन रोग्यांना परिचारिकांच्या देखरेखीत भीतीच्या वस्तूंना सामोरे जायला लावले आणि त्यानंतरचे धुणे-पुसणे करू दिले नाही. भीती चढली, आणि कालांतराने आपोआप उतरली. आज हाच उपाय औषधाच्या बरोबरीने अग्रगण्य मानला जातो. १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातील बॅक्स्टर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी काही रोग्यांना औषध आणि काहींना हा अभ्यास देऊन आधी व नंतर मेंदूची चित्रे घेतली. जे बरे झाले त्यांच्या मेंदूतील एकाच खोल गाठीतली धुसफूस कमी झाली होती. मग ते गोळीने बरे झालेले असोत की अभ्यासाने. गावाला जाण्याचे दोन रस्ते असतात. एका रस्त्याने पोचलो म्हणून गाव त्याच रस्त्यावर वसलेले आहे असे होत नाही.

*

तरीही जनुकाचा शोध सुरू झाला, आणि सुरू होणे साहजिक होते. रोग घराण्यात चालतो, हे वैद्य पूर्वीपासून पाहत होते. जुळ्यांच्या अभ्यासावरून लोकसंख्येत दिसणाऱ्या फरकाचा निम्म्याच्या आसपास वाटा आनुवंशिक ठरतो. मग कोणता जनुक? दिव्याखाली उजेड होता तेथे किल्ली शोधली गेली. सिरोटोनिनच्या वाहकाचा जनुक सतराव्या गुणसूत्रावर आहे. १९९६ साली लेश आणि सहकाऱ्यांनी दाखविले की, त्याच्या आरंभीच्या भागाची दोन रूपे माणसांत आढळतात: एक लांब, एक आखूड, फरक ४४ अक्षरांचा. लांब रूप असेल तर वाहक अधिक बनतो. मग वाटले, सापडला आरोपी! काहींनी मंत्रचळाच्या रोग्यांत लांब रूप अधिक आढळल्याचे लिहिले. दुसऱ्यांनी मोजले, त्यांना काहीच आढळले नाही. २००३ साली तर ओझाकी आणि सहकाऱ्यांना दोन कुटुंबांत याच वाहकाच्या ४२५ व्या जागी एक अमिनो आम्ल बदललेले दिसले; त्या बदलाने वाहक नको इतका तडफदार होतो, आणि त्या कुटुंबांत मंत्रचळ दाटलेला होता. शोध खरा होता. पण असा बदल इतका विरळा की, जगातल्या कोट्यवधी रोग्यांचा उलगडा त्याने होण्यासारखा नाही.

२०१३ मध्ये तोवरच्या ११३ अभ्यासांची बेरीज करून पाहण्यात आली. सिरोटोनिनचे दोन जनुक, वाहकाचा आणि एका ग्राहीचा, यांचा संबंध दिसला. पण अगदी बेताचा. म्हणजे आरोपी निर्दोष सुटला नाही, पण सूत्रधारही ठरला नाही.

याच सुमारास शोधाची तऱ्हा पालटली. एका संशयितामागे धावण्याऐवजी साऱ्या गुणसूत्रांची घरोघर झडती घ्यायची, आणि मनात आधी कोणाचेच नाव धरायचे नाही. २०१३ सालच्या पहिल्या झडतीत १,४६५ रोगी होते; रोगी आणि निरोगी यांच्या तुलनेत खात्रीचे काहीच मिळाले नाही. २०१८ मध्ये दोन गटांनी मिळून २,६८८ रोगी जमविले. पुन्हा पाटी कोरी. इतक्या वर्षांचे श्रम, आणि हाती शून्य. तरी मंडळी मोजत राहिली. २०२५ साली ५३,६६० रोगी आणि २० लाखांहून अधिक निरोगी माणसे यांची तुलना प्रसिद्ध झाली, तेव्हा गुणसूत्रांवरच्या ३० जागा खात्रीने हाती आल्या. त्यांत पुढे आलेली जनुकांची नावे दुसरीच होती. सिरोटोनिनचा वाहक त्यांत अग्रभागी नव्हता. आणि आनुवंशिक वाटा थोड्याथोडक्या नव्हे, तर सुमारे ११,५०० बारीक फरकांत विखुरलेला आहे, असा अंदाज निघाला. हे फरक तुमच्या-माझ्या, साऱ्यांच्याच अंगात कमीअधिक आहेत. मंत्रचळाचा 'एक जनुक' नाहीच.

हे वाचताना एक विचार मनात आला. आत्याही पुन्हा पुन्हा मोजीत असे: धुतलेली भांडी, लावलेल्या कड्या. संशोधकही पुन्हा पुन्हा मोजतात. भेद कोठे? संशोधकाचे मोजणे एखाद्या दिवशी त्याचे मत बदलते, आणि मग तो पुढे जातो. आत्याचे मोजणे तिला पहिल्या कडीपाशीच आणून सोडी. तिला शंका होती, पण शंका फिटण्याची सोय तिच्या हातात नव्हती. ती सोय बाहेरून कोणीतरी करायला हवी होती.

आणखी एक गोष्ट मास्तर म्हणून खटकली. ती वीस लाख माणसे युरोपीय वंशाची आहेत. त्या हजेरीपटात आपले नाव नाही. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सोवळ्याच्या आडोशाला किती मंत्रचळ राहिला, तो कोणी मोजला? उद्या कोणी मोजणार असेल, तर आधी घरातली ही माणसे दारापर्यंत येऊ शकली पाहिजेत.

*

महिन्याने मी त्या गृहस्थांना बोलावले आणि जे समजले ते सांगितले. हो, घराण्याचा वाटा आहे. २००० साली अमेरिकेत रोग्यांच्या आईबाप-भावंडांची पाहणी झाली. त्यांत शंभरातल्या सुमारे बाराजणांना हा रोग आढळला, आणि तुलनेसाठी घेतलेल्या इतर घरांत सुमारे तिघांना. "म्हणजे गुरुजी, चौपट!" ते म्हणाले. मी म्हणालो, "होय. पण शंभरातल्या अठ्ठ्याऐंशी जणांना नव्हता, हेही त्याच कागदावर आहे." आणि रक्त तपासून मुलीचे भविष्य सांगील असा जनुक आजमितीस कोणापाशी नाही. कोणी तशी तपासणी विकत असेल, तर तो पत्रिकाच विकतो आहे. फक्त कुंडलीच्या जागी प्रयोगशाळेचा कागद.

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्या चुलतीला घरच्यांनी फार बोल लावले हो." त्यांनी तपासणी केली नाही. मुलीकडच्या स्थळाला भावाच्या आजाराबद्दल काय आणि कधी सांगायचे, हे मात्र अजून त्यांचे ठरलेले नाही. त्यावर मी सल्ला दिला नाही. सत्य सांगावे, हे म्हणायला माझे काय जाते? लग्न मोडले तर रडणारी मुलगी त्यांची आहे.

आता त्या मुलाविषयी. डॉक्टरांनी त्याला औषधाबरोबर अभ्यासही दिला आहे, आणि त्यात मला काम नेमून दिले. रोज एक ओळ लिहायची, तीत एक अक्षर मुद्दाम वाकडे काढायचे, आणि खोडरबर माझ्या टेबलावर ठेवून जाग्यावर बसायचे. पहिल्या दिवशी त्याचा चेहरा पांढरा पडला. तासाभराने त्याने वही मिटली, ते वाकडे अक्षर तसेच आत ठेवून. वही तपासायला आली. बावीस वर्षे चुका शोधून खाली रेघ मारण्याची या हाताला सवय. तो आपोआप तांबड्या लेखणीकडे गेला. मी तो मागे घेतला, चूक होती तशी राहू दिली, आणि समासात फक्त तारीख घातली.

आत्याला जाऊन पुष्कळ वर्षे झाली. तिच्या रोगाचा जनुक तेव्हा कोणाला ठाऊक नव्हता, आणि 'हाच तो' असे बोट आजही कोणी दाखवू शकत नाही. पण तिला बरे करण्यासाठी तो ठाऊक असण्याची गरजच नव्हती. औषध तेव्हाही होते. अभ्यासाचा उपायही होता. नव्हता तो कोणीतरी डोणीपाशी जाऊन तिला विचारलेला एक प्रश्न.